नैराश्यावरील औषधे थांबवताना



या विद्यालयाच्या स्मृती-व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण, सीमाभागातील भाषेची स्थिती अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्या पंक्तीत गोळ्या-औषधांचा विषय काहीसा खालच्या पायरीवरचा वाटण्याचा संभव आहे. तरीही मी तो हेतुतः निवडला आहे. बेळगावात आणि आसपासच्या गावांत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक गोष्ट सातत्याने ध्यानात आली. नैराश्याचे औषध सुरू कसे करावे, हे रुग्णाला कोणी ना कोणी सांगते. ते थांबवावे कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग रुग्ण ते आपल्या मनाने थांबवतो, आणि पुढच्या चार दिवसांत जे घडते त्याने तो आणि त्याचे सारे घर भयभीत होते.

मनाने थांबवण्याची कारणे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मुलीचे लग्न ठरते आणि सासरी गोळ्यांचे पाकीट दिसू नये म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी औषध बंद होते. श्रावण लागतो, उपवास सुरू होतात आणि त्यांबरोबर औषधालाही सुट्टी मिळते. ‘आता बरे वाटते आहे, मग विष कशाला घ्यायचे?’ असे एखादे वडीलधारे माणूस म्हणते. आपल्या भागात ‘धारवाडला न्यायला पाहिजे’ या शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. धारवाडचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले आहे. आज ते अध्यापन आणि संशोधन करणारी एक मोठी संस्था झाले आहे, पण लोकांच्या बोलण्यातला तो जुना डाग काही पुसला गेलेला नाही. त्या डागाच्या भीतीने माणसे औषध चोरून घेतात आणि चोरूनच सोडतात. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आपल्या देशातील सुमारे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार होतो, असे आढळले होते. या सभागृहातील माणसे मोजली, तर हा विषय परका नाही हे सहज पटेल.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करतो. या औषधांना मी ‘नैराश्यविरोधी औषधे’ म्हणेन. ती एका जातीची नाहीत. १९५० च्या दशकात पहिली दोन हाती आली. त्यांपैकी आयप्रोनियाझिड हे मुळात क्षयरोगावरचे औषध होते. ते घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागल्याने त्याचा हा गुण कळला. दुसरे इमिप्रामीन, स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञाने १९५७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली आणि त्यानंतरच्या दशकात सर्ट्रलीन, पॅरॉक्सेटीन, सिटॅलोप्रॅम, व्हेनलाफॅक्सिन ही औषधे जगभर पसरली. एस्सिटॅलोप्रॅम त्यानंतरचे.

औषध थांबवल्यावर त्रास होतो, हे काही काल-परवा सापडलेले सत्य नाही. इमिप्रामीन वापरात आले त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९५९ मध्ये, ते अचानक बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली होती. ही नोंद नंतर मागे पडली. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरी या विषयावर तज्ज्ञांची एक बैठक झाली. तिला एका औषध कंपनीचे अर्थसाहाय्य होते. तेथून ‘औषध-खंडनाची लक्षणे’ अशा अर्थाचा सौम्य शब्द रूढ झाला. मद्य किंवा अफू सोडताना होणाऱ्या त्रासासाठी जो शब्द वापरतात, तो येथे नको, असा त्यामागील विचार होता. माझ्या मते हा शब्द जरा गुळगुळीतच आहे. ज्याला घेरी येऊन भिंत धरावी लागते, त्याला ‘खंडन’ म्हणून काय दिलासा मिळणार? मात्र त्या विचारातला एक भाग योग्य होता, आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे.

व्यसन आणि देहाची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यसनात पदार्थाची ओढ असते. मात्रा वाढवत नेण्याची लालसा असते. त्यापायी माणूस घर, नोकरी, अब्रू पणाला लावतो. नैराश्यविरोधी औषधांत यांपैकी काही नसते. सर्ट्रलीनची गोळी मिळावी म्हणून कोणी घरातील भांडी विकल्याचे मी पाहिलेले नाही. पण शरीर एखाद्या रसायनाच्या नित्य उपस्थितीशी जुळवून घेते आणि ते रसायन एकाएकी नाहीसे झाले की ते गडबडते, हे या औषधांना निश्चित लागू आहे. म्हणून ‘या गोळ्यांची सवय लागते का?’ या प्रश्नाला मी ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देत नाही. व्यसन लागत नाही; सवय मात्र शरीराला होते, आणि ती हळूहळू मोडावी लागते.

आता हा त्रास असतो तरी कसा? बहुधा दोन-चार दिवसांत तो सुरू होतो. घेरी येते, चालताना तोल जातो, मळमळते, घाम फुटतो, अंग फ्लू झाल्यासारखे मोडून येते. झोप उडते, आणि लागलीच तर स्वप्ने इतकी ठसठशीत पडतात की पहाटे उठल्यावर ती खरी की खोटी हे क्षणभर उमगत नाही. चिडचिड होते, रडू कोसळते, जीव घाबरा होतो. या सर्वांत एक लक्षण मोठे विलक्षण आहे. रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, डोळे फिरवले की डोक्यात करंट बसतोय बघा.’ क्षणार्धात डोक्यातून वीज चमकून जाते, कधी ओठांपर्यंत वा हातांपर्यंत झिणझिण्या येतात. नजर एका बाजूस वळवली की ते विशेष जाणवते. याचे नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतले रुग्ण आणि खानापूर तालुक्यातला एखादा शेतकरी, एकमेकांचे नावही ठाऊक नसताना, त्याचे वर्णन विजेच्या भाषेतच करतात. एवढ्यावरून हे लक्षण मनाचे खेळ नव्हेत, अशी खात्री पटावी.

हे कोणास किती होते, यावर जाणकारांत मोठा वाद आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने असा त्रास निम्म्याहून अधिक लोकांना होतो, असे अनुमान काढले. त्यात स्वेच्छेने प्रश्नावली भरणाऱ्यांचा भरणा असल्याने आकडा फुगला, अशी टीका झाली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात खरे औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवले. आणि मौज अशी की, नुसत्या पिठाच्या गोळ्या थांबवणाऱ्यांपैकीही सुमारे १७ टक्के लोकांना ते जाणवले. म्हणजे काही वाटा धास्तीचा आणि नित्याच्या दुखण्या-खुपण्यांचा आहे. तो वजा जाता, साधारण सहा-सात जणांत एकास औषध थांबल्यामुळे त्रास होतो, आणि सुमारे ३५ जणांत एकास तो तीव्र होतो, असा त्यांचा हिशोब होता. हा हिशोबही मी अखेरचा मानत नाही. अशा अभ्यासांतील बहुतेक लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेले असते, तर माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते पाच-पाच, दहा-दहा वर्षे घेतलेले असते.

कारणमीमांसा थोडी विस्ताराने करतो, कारण पुढचा सर्व व्यवहार तिच्यावर उभा आहे. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांच्या द्वारे. सेरोटोनिन हे त्यांपैकी एक. निरोप पोचला की उरलेले सेरोटोनिन परत शोषून घेणारी लहान लहान दारे पेशीवर असतात. आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधे ही दारे अडवून धरतात. औषध महिनोन्‌महिने घेतले की मेंदू या नव्या व्यवस्थेशी जुळवून घेतो. निरोप ग्रहण करणारी यंत्रणा आपली संवेदनशीलता बदलते. औषध एका दिवसात गेले की दारे सताड उघडतात, पण मेंदूने केलेले फेरबदल त्याच वेगाने मागे फिरत नाहीत. या दोहोंमधील अंतर म्हणजे तो त्रास, अशी आजची समजूत आहे.

म्हणूनच औषध शरीरातून किती वेगाने निघून जाते, याला महत्त्व आहे. रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. व्हेनलाफॅक्सिनचे अर्धायुष्य सुमारे ५ तास आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या क्रियाशील द्रव्याचे सुमारे ११ तास असते. पॅरॉक्सेटीनचे सुमारे २१ तास. ही दोन औषधे सोडताना सर्वाधिक त्रास देतात. एक दिवस गोळी चुकली तरी काहींना घेरी येते. उलट फ्लुऑक्सेटीन रोज घेणाऱ्याच्या शरीरात त्याचे अर्धायुष्य ४ ते ६ दिवसांचे, आणि त्यापासून बनणाऱ्या द्रव्याचे त्याहूनही दीर्घ असते; ते जणू आपणहून हळूहळू ओसरते. सर्ट्रलीन आणि एस्सिटॅलोप्रॅम या दोहोंच्या मधोमध येतात.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘आता एक दिवसाआड घ्या’ असा सल्ला आपल्याकडे फार प्रचलित आहे. फ्लुऑक्सेटीनच्या बाबतीत तो चालून जातो. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सिनच्या बाबतीत मात्र त्यामुळे रक्तातील पातळी रोज वर-खाली होते आणि मेंदूला दर दोन दिवसांनी लहानसा धक्का बसतो. मात्रा कमी करायची ती रोजची. दिवस गाळून नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मला वाटते, गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात लागलेला हा सर्वांत उपयुक्त शोध होय. मात्रा निम्मी केली की परिणाम निम्मा होत असेल, असा आपला स्वाभाविक समज असतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या मोजणीत तसे आढळत नाही. सिटॅलोप्रॅमचे उदाहरण घेऊ. ६० मिलिग्रॅम मात्रेने सुमारे ८८ टक्के दारे अडतात. २० मिलिग्रॅमने सुमारे ८० टक्के. म्हणजे मात्रा तिपटीने उतरवली तरी परिणाम फारसा उतरला नाही. पण ९ मिलिग्रॅमवर ७० टक्के, ५.४ मिलिग्रॅमवर ६० टक्के, ३.४ मिलिग्रॅमवर ५० टक्के, आणि १.५ मिलिग्रॅम एवढ्या कणभर मात्रेवरही ३० टक्के दारे अडलेली असतात. आमटीला मीठ घालताना पहिली चिमूट जेवढी जाणवते, तेवढी पाचवी जाणवत नाही, तसेच हे. आता पाहा: २० वरून १० मिलिग्रॅमवर येताना रुग्णाला काहीच जाणवत नाही. १० वरून ५ वर तो सुखरूप उतरतो. मग ‘५ म्हणजे काहीच नाही’ असे म्हणून गोळी बंद होते, आणि साठ टक्क्यांच्या जवळपास असलेला परिणाम एका उडीत शून्यावर येतो. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बेताच्या आणि शेवटची पायरी पुरुषभर उंचीची, अशी ही रचना आहे. माणूस पडतो तो शेवटच्या पायरीवर.

मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघा तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हा हिशोब मांडून, मात्रा ठरावीक मिलिग्रॅमने न उतरवता मागील मात्रेच्या प्रमाणात उतरवावी, असे प्रतिपादन केले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेची जुनी सूचना ‘त्रास सौम्य असतो व सुमारे आठवड्यात जातो’ अशा आशयाची होती. ती २०१९ मध्ये बदलली, आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणबद्ध उतरणीचा स्वीकार झाला. आधी निम्मी मात्रा, पुढे पुढे चतुर्थांशाच्या लहान पायऱ्या, आणि एका पायरीवरचा त्रास शमला किंवा सुसह्य झाला तरच पुढची, असे तिचे स्वरूप आहे. काही आठवडेच औषध घेतलेल्याला हे थोडक्यात आटोपता येते. वर्षानुवर्षे घेतलेल्याला अनेक महिने लागू शकतात.

आपल्याकडे अडचण येते ती लहान मात्रांची. सर्वच औषधांची द्रवरूपे आपल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. साध्या गोळीच्या मधोमध रेघ असेल तर गोळी तोडण्याची सुरी वापरून अर्ध्या व पाव तुकड्यांपर्यंत जाता येते. पण ज्या गोळीतून औषध हळूहळू झिरपावे अशी योजना असते, ती तोडू नये. तोडल्यास सगळे औषध एकदम सुटते. व्हेनलाफॅक्सिनच्या काही कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि ते उघडून कमी करता येतात. तथापि हा प्रयोग डॉक्टरांनी कॅप्सूलची जात पाहून सांगितल्याखेरीज घरी करू नये. कधी कधी त्रासदायक औषधाच्या जागी फ्लुऑक्सेटीन देऊन मग तेच उतरवावे लागते. हा मार्गही डॉक्टरांच्या हातचाच.

एका शिक्षिकेची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. दोन वर्षे त्या व्हेनलाफॅक्सिन घेत होत्या आणि उत्तम शिकवत होत्या. आषाढात त्या दिंडीबरोबर पंढरपूरला निघाल्या. माउलीच्या वाटेवर गोळीची गरज ती काय, अशा भावनेने त्यांनी औषध घरीच ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना चालवेना. ओकारी, घेरी, अकारण रडणे, डोक्यात विजेचे झटके. सोबतच्या बायका घाबरल्या. कोणी उन्हाचे निमित्त सांगितले, कोणी ‘बाहेरचे’ काही लागल्याचे. नवरा जीप घेऊन गेला आणि त्यांना परत घेऊन आला. येताना त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या: ‘माझा आजार परत आला, आता मी यातून सुटणार नाही.’ औषध पुन्हा सुरू केल्यावर दीड-दोन दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. पुढे शाळेचे वर्ष संपल्यावर आम्ही सुमारे आठ महिन्यांत ते औषध उतरवले. शेवटचे तीन महिने अगदी कणाकणाने गेले.

त्यांच्या त्या वाक्यात या विषयाचे सर्व गांभीर्य आहे. औषध सोडण्याचा त्रास आणि मूळ आजाराचे पुनरागमन यांची गल्लत झाली, तर माणूस एक तर नको असताना आयुष्यभर औषध घेत राहतो, किंवा खचून जिवावर उठतो. फरक ओळखण्याच्या खुणा आहेत. सोडण्याचा त्रास दिवसांत उगवतो. आजार बहुधा कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो. घेरी, विजेचे झटके, मळमळ ही मूळ नैराश्यात नव्हती, ती नव्याने आली, तर संशय औषध थांबल्याचा घ्यावा. त्याच मात्रेवर परतल्यास हा त्रास एक-दोन दिवसांत, फार तर थोड्या दिवसांत उतरतो. खरे नैराश्य इतक्या झटपट मागे हटत नाही. मात्र दोन्ही एकत्र असू शकतात, आणि काहींचा सोडण्याचा त्रास महिनोन्‌महिने रेंगाळतो; अशा वेळी निदान सोपे नसते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आजार खरोखरच परत येऊ शकतो, हेही विसरता कामा नये. २०२१ मध्ये इंग्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या वाटणाऱ्या ४७८ रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले, काहींचे उतरवून थांबवले. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना नैराश्य परतले. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते: औषध राखण करते हे खरे, आणि थांबवलेल्यांतील ४४ टक्के लोक त्याशिवाय वर्षभर ठीक राहिले हेही खरे. पहिल्याच आजारात बरे वाटू लागल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवावे, वारंवार आजार झालेल्यांनी त्याहून पुष्कळ अधिक काळ, हा सर्वसाधारण संकेत आहे. घरात लग्न, परीक्षा, बाळंतपण किंवा मृत्यूचा प्रसंग असताना उतरण सुरू करू नये. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळ्या फेकून देणाऱ्या स्त्रिया मी पाहतो. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, पण औषध एकदम टाकू नये.

एका धोक्याचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे करतो, कारण तो आपल्या देशात विशेष आहे. एकाच गोळीत एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम, किंवा अमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड, अशी जोड-औषधे येथे पुष्कळ लिहून दिली जातात. कधी पोटाच्या तक्रारीसाठी, कधी डोकेदुखीसाठी. आपण नैराश्याचे औषध घेतो आहोत, हे घेणाऱ्याला ठाऊकही नसते. यांतील दुसरा घटक झोपेच्या गोळ्यांच्या कुळातला आहे. तो दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवला तर आकडी येऊ शकते. पाकिटावर दोन औषधांची नावे असतील, तर दोन्ही एकत्र न उतरवता वेगवेगळी करून उतरवावी लागतात.

घरच्या माणसांना काय करता येईल? उतरणीच्या काळात एका वहीत तारीख, मात्रा, झोप आणि त्रास एवढे चार रकाने रोज भरावेत. त्या वहीवरून डॉक्टरांना पुढची पायरी ठरवता येते. घेरी येते त्या दिवसांत दुचाकी चालवू देऊ नये. चहा-कॉफी संध्याकाळनंतर टाळावी. मद्य तर मुळीच नको. ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य उच्चारू नये. रुग्ण जगण्याविषयी निरवानिरवीचे बोलू लागला, रात्र-रात्र येरझाऱ्या घालू लागला, किंवा एकाएकी अवास्तव उत्साहाने बोलू-खर्चू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे रात्री-अपरात्रीही मराठीत व कन्नडमध्ये बोलता येते.

आणि प्रवासाला निघताना औषधाचे पाकीट पिशवीत किंवा सामानाच्या पेटीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावे, चार दिवसांच्या जादा गोळ्यांसह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. परगावचा औषधविक्रेता चिठ्ठीवाचून ते देणार नाही, आणि देऊही नये.